आधी तू बस

“हनुवटी थोडी वर,” फ्लॉईड रिकाम्या स्टुलाला म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. उजेड बरोबर पडला होता. मागच्या पांढऱ्या पडद्याला सुरकुती नव्हती. चर्चच्या सभागृहाच्या दाराशी नंदाखाल गावातली सोळा म्हातारी माणसं चहाचे कप धरून उभी होती. आत मात्र कुणी येत नव्हतं.

आज तिसरा रविवार, म्हणजे शेवटचा. पुढच्या रविवारपासून सभागृहात नाताळच्या गोठ्याचा देखावा उभारण्याचं काम सुरू होणार होतं.

कल्पना त्याचीच. फ्लॉईड पदार्थविज्ञानाचा एमएस्सी. आठवडाभर वालीवच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायचा आणि सुट्टीला गावातले बाप्तिस्मे, लग्नं, सण यांचे फोटो काढायचा. कुणी गेलं की घरचे त्याच्याकडेच येत. लग्नातल्या घोळक्याचा एखादा फोटो पुढे करत आणि म्हणत, यातला एवढा चेहरा मोठा करून दे. त्याच्या स्वतःच्या आजीचा फोटो असाच कापलेला होता. शवपेटीजवळ तो ठेवला तेव्हा आजीच्या खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं दिसत होती. कुणाची, ते आजवर कळलेलं नाही. तेव्हाच त्याने ठरवलं, सत्तरीपुढच्या प्रत्येकाचा एक तरी नीट फोटो काढून द्यायचा, फुकट. देवाने आपल्या हाताला जे दिलंय ते देवाच्याच माणसांसाठी वापरायचं. फादरांनी रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर तसं जाहीर केलं. फोटो कशासाठी, ते दोघांनीही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पहिल्या रविवारी बस्त्याव काका बसले. फोटो सुरेख आला. गुरुवारी काका गेले आणि तोच फोटो शवपेटीजवळ लागला. अख्ख्या गावाने फोटोची तारीफ केली. त्यानंतर स्टुलावर कुणी बसलं नाही.

“काका एक्याण्णव वर्षांचे होते,” फ्लॉईडने दाराकडे बघत पुन्हा एकदा सांगितलं. “एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही.”

“बरोबर हाय,” फ्रेडरिक काका चहावर फुंकर घालत म्हणाले. “दुसरी घटना पायजे. बोला, कोन होतंय?”

दाराशी हशा पिकला. फ्लॉईडचा तोल सुटला.

“रोज रोझरी म्हणता आणि कॅमेऱ्याला घाबरता? फादर दर नोव्हेंबरात सांगतात ना, मरणाची घटका कुणालाच ठाऊक नाही? मग त्यात घाबरायचं काय!”

हशा थांबला. सालोमी मावशीने कप खिडकीत ठेवला. मावशी ब्याऐंशीची. मागच्या रविवारीही ती अशीच ठेवणीतलं लाल लुगडं नेसून, कानातलं घालून आली होती आणि दारातूनच परत गेली होती. आज ती आत आली. फ्लॉईड घाईघाईने कॅमेऱ्यावर वाकला. पण मावशी स्टुलाकडे गेलीच नाही. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“ती घटका कुनालाच ठाऊक नाय ना रे, बाबा?”

“नाही.”

“मग ती काय आमची एकट्यांचीच हाय? आधी तू बस.”

फ्लॉईड हसला. मावशी हसली नाही. “बटन कुठलं दाबायचं तेवढं दाखव,” ती म्हणाली.

त्याने बटण दाखवलं आणि जाऊन स्टुलावर बसला. या बाजूने त्याने कॅमेरा कधी पाहिलाच नव्हता. नुसतं काळं, गोल भोक. सव्विसाव्या वर्षी माणूस चार दिवसांत मरण्याची शक्यता किती, हे त्याने मनातल्या मनात काढून पाहिलं. उत्तर फारच लहान आलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. आपण आज कुठला शर्ट घातलाय, हे त्याने खाली बघून तपासलं. आईला हा शर्ट अजिबात आवडत नसे. तिला हाच फोटो लावावा लागला तर?

“हास की रे,” मावशी कॅमेऱ्यामागून म्हणाली. “मेल्यासारखा काय बसलास?”

दाराशी एकदम इतका मोठा हशा उठला की चहा सांडला. फ्लॉईडही हसत सुटला आणि मावशीने बटण दाबलं. फोटो थोडा तिरका आला. एक कान बाहेर राहिला. पण इतका मोकळा हसताना फ्लॉईड आजवर कुठल्याच फोटोत नव्हता. खरं तर तो कुठल्याच फोटोत नव्हता.

तो उठला तशी मावशी स्टुलावर बसली. पदर सारखा केला, न सांगता हनुवटी वर घेतली. तिच्यामागोमाग फ्रेडरिक काका कपासकट आत आले आणि भिंतीला लागून उभे राहिले. त्यांच्यामागे एकेक करत बाकीचे.

फ्लॉईडने कॅमेऱ्याला डोळा लावला. मग राहवेना म्हणून डोकं वर काढून विचारलं, “मावशी, आता नाही भीती वाटत?”

“आता कसली भीती?” सालोमी मावशी खुदकन हसली. “आता माझा नंबर तुझ्यामागं हाय.”