कपाटातली दैवतं

वाशीमचे रामकिसनबापू म्हणजे मोठे ग्रंथप्रेमी. पस्तीस सालच्या दसऱ्याला त्यांनी काचेचं कपाट उघडलं, पुस्तकं पुसली, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली. मग पाटावर बसवलेल्या आजीच्या पायांवरही एक फूल ठेवून ते जमलेल्या मंडळींना म्हणाले, "ग्रंथ आणि ही आजी, माझी दैवतं एवढीच."

मंडळी गहिवरली आणि आपट्याचं सोनं देऊन गेली.

आजी म्हणाली, "बापू, यातलं एखादं पान वाचून दाखव मले."

"पूजेतलं पुस्तक आज उघडत नाहीत, आजी."

"मंग उद्या?"

"उद्यापासून अकोल्याले माही भाषणं हायेत. वाचनावर."

आजी पाटावरून उठली नाही.

"मंग मलेबी पुस्तकाइच्या बाजूले कपाटात ठेव. पुढच्या दसऱ्याले सोबतच पुसजो."