सातवं मिनिट

"बंद करा," साहेब म्हणाले. "हे स्टँडवर घेतलंय."

पडद्यावर आरसेवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. खोलीतल्या अकरा कॅमेरामननी एकदम मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत ती बसली होती, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून. परीक्षेचा नियम सगळ्यांना पाठ होता. दहा मिनिटं, एकच सलग शॉट, कॅमेरा अंगावर. खांद्याचा आधार चालेल, स्टँड लावला की नाव बाद.

नियम खवचट होता. जुने कॅमेरे धिप्पाड, खांद्यावर ठेवले की ऐदी मांजरासारखे बसून राहायचे. त्यांना तीस वर्षं वाहून साहेबांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. मग नवे आले ते किटलीएवढे. हलके म्हणून सगळे खूश झाले, आणि पहिल्याच दिवशी कळलं की हलका कॅमेरा माणसाचा श्वाससुद्धा लपवत नाही. म्हणून मग खांद्यावर टेकणारी गादी आली, पुढे धरायला दोन मुठी आल्या, तोल साधायला मागे लोखंडी वजनं आली. एवढा सरंजाम लावूनही आज सकाळपासून पडद्यावर भूकंप चालू होता. एकाच्या शॉटमध्ये तर चौकातला पुतळाच चालायला लागला होता.

आणि हिचं चित्र मात्र दोन मिनिटं भिंतीवरच्या तसबिरीसारखं. पालथ्या आरशाची कड घासणारा एक हात, बस्स.

"ताई, स्टँड होता तर सांगून टाका," पुढच्या रांगेतला उंच कॅमेरामन म्हणाला. "आम्ही काय परके आहोत?"

स्टँड नव्हता. पण ते सिद्ध करायचं तर शॉट पुढे चालू द्यायला हवा होता, आणि पुढे सातवं मिनिट होतं.

बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली तेव्हा साहेबांनी तिला जुन्या फितींच्या खोलीत बसवलं. "पोर लहान आहे, बाई. रस्त्यावरचं काम आता जमायचं नाही," असं ते अगदी मायेनं म्हणाले होते. मायेनं बोलणाऱ्याशी भांडताही येत नाही. पाच महिने तिने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग रस्त्यावरच्या तुकडीत एक जागा निघाली, आणि काल, नेमक्या परीक्षेच्या सकाळी, ढब्बूला सांभाळणाऱ्या मावशी तापाने आडव्या झाल्या. नवरा कामासाठी परगावी. ढब्बू म्हणजे तिची मुलगी, वय नऊ महिने, वजन नऊ किलो. तिने ढब्बूला पाठीशी बांधलं, खांद्यावर आधार चढवला आणि निघाली. मागे लोखंड लावायची गरज पडली नाही.

हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. कॅमेऱ्यामागचं माणूस चित्रात थोडंच येतं? पण तिने विषय निवडला होता नेमका आरशाचा. भलामोठा आरसा चादरीत गुंडाळून आरसेवाला आणि त्याचा भाऊ जिन्याने उतरवून बाजारातून नेत होते, ती मागोमाग चालत होती, आणि सातव्या मिनिटाला चादर घसरली. शॉट तोडला असता तर परीक्षा तिथेच संपली असती. तिने तोडला नाही.

आता इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसली तर लबाड ठरणार. बोलली तर साहेबांचंच म्हणणं खरं ठरणार, की बाई आली की पाठोपाठ घर येतं. दोन्हीकडून फितींची खोली ठरलेलीच. तिला रडू आलं नाही, राग आला. चांगलं काम केलंय आणि ते दोन मिनिटं बघून बाजूला ठेवतात म्हणजे काय!

ती उभी राहिली. "साहेब, शॉट दहा मिनिटांचा आहे. पूर्ण बघा."

साहेबांनी खूण केली. आरसेवाल्याचा हात पुन्हा फिरू लागला. तिसऱ्या मिनिटाला आरसेवाला उठला, तसं चित्रही त्याच्याबरोबर अलगद उठलं. दोघा भावांच्या मागून दाराबाहेर आलं, तेवीस पायऱ्या उतरलं, वळणावर वळलं आणि भर बाजारात शिरलं. कुठे हिसका नाही की धक्का नाही. उंच कॅमेरामनचं तोंड उघडंच राहिलं. साहेब खुर्चीच्या कडेवर आले.

शेजारून एक ट्रक कर्कश हॉर्न देत गेला आणि चादर घसरली.

आरशात ती दिसली. कोपर बरगडीला टेकलेलं, गुडघे जरासे वाकलेले, उजव्या खांद्यावर कॅमेरा. आणि डाव्या खांद्यावर एक टोपरं.

खोलीत हशा पिकला. "पाळणाघर काढलंय की काय?" कोणीतरी म्हणालं. तिने मान खाली घातली नाही.

"थांबवा तिथेच," साहेब म्हणाले.

ते उठून पडद्यापाशी गेले. चष्मा कपाळावर चढवून टोपऱ्याखालच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. हसणं हळूहळू विरलं. ढब्बूचा गाल आईच्या खांद्यावर चेपला होता, तोंड अर्धवट उघडं होतं आणि डोळे गच्च मिटलेले होते.

"सोमवारपासून रस्त्यावरचा कॅमेरा यांच्याकडे," साहेब म्हणाले. मग अकरा जणांकडे वळले. "आणि तुम्ही सगळे घरी जा. झोपलेलं पोर पाठीवर घ्या, तेवीस पायऱ्या उतरा, बाजारातून फिरून या. पोर उठलं नाही, तर मग माझ्याकडे या."