एव्हारिस्तचं नाक

"आधी तुम्ही, बाईसाहेब," म्हणत एव्हारिस्तने दुसऱ्या पिंपातली वाइन मालकीण क्लोतिल्दबाईंच्या पेल्यात ओतली.

फ्रान्समधल्या सोतेर्नच्या या वाइनच्या तळघरात तो एकेचाळीस वर्षं राबत होता. बुरशीने सुरकुतून अधिकच गोड झालेली द्राक्षं दाणा दाणा वेचून घ्यायची, आंबूस दाणे टाकून द्यायचे आणि शेवटी वाइनचा निकाल नाकाने लावायचा. कसाला उतरली असेल तरच बाटलीवर घराण्याचं नाव. नाहीतर सगळी पिंपं बिननावाची विकायची. आज तो निकाल होता. वरच्या दिवाणखान्यात बोर्दोचे व्यापारी वाट बघत बसले होते.

आणि एव्हारिस्तला वास येत नव्हता. मागच्या हिवाळ्यातल्या तापाने नाक नेलं, जिभेला नुसता गोडवा उरला. बायकोलासुद्धा त्याने हे सांगितलं नव्हतं. जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस म्हातारपणी ढोंगी झाला होता, आणि त्या ढोंगाने पार थकून गेला होता.

पेला नाकाशी नेऊन बाई त्याच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या. म्हणजे चांगली असावी.

"जर्दाळू," तो पुटपुटला.

"आणि मध," त्या लगेच म्हणाल्या.

"मध तर आहेच."

तिसरं पिंप पावसाच्या आठवड्यात वेचलेल्या द्राक्षांचं. बिघडणार तर हेच. ती वाइन ओतून त्याने बाईंचा चेहरा न्याहाळला. त्यावर काहीच दिसेना.

"बोला ना," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच बोला."

"अहो, नाक तुमचं! माझ्या सासऱ्यांनी तुम्हाला काय शोभेला ठेवलं होतं?"

एव्हारिस्तने पेला खाली ठेवला आणि तो पिंपाला टेकला. आणखी एक थाप मारायचं त्राण उरलं नव्हतं. आपल्यापायी या घराण्याचं नाक कापलं जाणार, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला हाकला, बाईसाहेब. त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. इतके महिने तुमच्या तोंडाकडे बघून मी मध नि जर्दाळू म्हणतोय."

क्लोतिल्दबाईंनी आपला पेला खाली ठेवला. मग त्याही शेजारच्या पिंपाला टेकल्या.

"ताप मलाही आला होता, एव्हारिस्त," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या तोंडाकडे बघत होते."