ओझ्याची घोडी

दोनदा दोर टाकले आणि दोन्ही वेळा घोडीने ते झिडकारले. दुसऱ्या वेळी ती मागच्या पायांवर उभी राहिली, तसे दोर धरलेले चौघे पेंढ्यावर कोलमडले आणि सईदच्या खांद्याला खुराचा ओझरता फटका बसला.

"थांबा," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "अशी झटापटीत पडली तर पाय तरी मोडेल, नाहीतर पाठ. मग जखम कापून उपयोग काय?"

महाडात गांधारी नदीकाठी सईदचं घर होतं. अंगणात भाताच्या पेंढ्याची जाड गादी पसरली होती आणि बाजूच्या चुलीवर डॉक्टरांची हत्यारं उकळत होती. पंधरा दिवसांपूर्वी आंबेनळी घाटाच्या एका वळणावर ही घोडी सईदला दिसली, कड्याला अंग टेकून, मान खाली घालून उभी. सहा माणसांनी फळ्या लावून तिला त्याच्या रिकाम्या लॉरीत चढवलं. मानेच्या मुळाशी, जिथं ओझ्याचं पालाण बसतं तिथं, मूठ जाईल एवढी जखम होती. सईद रोज सव गावच्या गरम झऱ्याच्या कुंडाचं पाणी डब्यातून आणून ती धूत होता. वरून भरत आली, पण दाबलं की पू यायचाच.

"आत हाड कुजलंय," डॉक्टरांनी काल सांगितलं होतं. "ते काढलं नाही, तर महिनासुद्धा जगायची नाही ही."

आता त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "तिच्या ओळखीचं कुणी नाही का?"

सईदने कुंपणाकडे पाहिलं. बाहेर कोंडाजी उभा होता. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला हा म्हातारा घोडीचा धनी. विचारत विचारत सईदने काल त्याला गाठला होता, तो त्याची खरडपट्टी काढायलाच. आणि आज म्हातारा अंधारातच निघून, सगळी वाट चालत आला होता. आल्यापासून तो आत आला नव्हता, सईदनेही त्याला आत बोलावलं नव्हतं.

"या," सईद म्हणाला.

कोंडाजीने वहाणा बाहेर काढल्या. "शेवंते," त्याने हाक मारली, "गो बाय माझे."

पंधरा दिवस त्या घरात तिला सगळे नुसतं घोडी म्हणत होते. तिचे कान वळले. थरथरत ती दोन पावलं पुढं आली आणि तिने कपाळ म्हाताऱ्याच्या छातीला लावलं. दोर धरलेली माणसं दुसरीकडे बघू लागली.

कोंडाजीने तिच्या चारी पायांवरून हात फिरवला. दोर त्यानेच बांधले. "बस गो. आज वज्झं नाय." घाटमाथ्यावर माल उतरवल्यावर बसायची तशी ती गुडघे मोडून खाली बसली, मग कुशीवर झाली.

डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची पिशवी त्याच्या हातात दिली. "नाकावर धरा. ती मान झटकेल. सोडू नका."

"मी धरू?"

"दुसऱ्या कुणाला धरू देईल ती?"

त्याने धरली. घोडी एकदा जोरात फुरफुरली, डोळा फिरवून तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग श्वास घेत राहिली.

डॉक्टर कापू लागले. सईदने परात धरली होती. शेवटी सईदलाच राहवलं नाही.

"टाकून कशी दिलीत हिला?"

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. "मारवली नाय म्हणून." पिशवी सारखी करत तो म्हणाला, "पालाण उचललं का लांबूनच थरथर कापायची. आन् वज्झं तरी कुठलं ऱ्हायलंय? तुमच्या लॉऱ्या आता वाडीच्या पायथ्याला येतात. लोक म्हणाले, कुऱ्हाड घाल. हात नाय उठला. म्हटलं, घाटात गवत हाय, झऱ्याला पाणी हाय."

"आणि वाघ?"

"तोही हाय," कोंडाजी म्हणाला.

सईदला अजून बोलायचं होतं. पण कुंपणापलीकडे त्याची लॉरी उभी होती, घाटावर न्यायच्या मिठाच्या गोण्या भरून. परात त्याने दोन्ही हातांनी नीट धरली.

बोटभर काळं हाड परातीत पडलं. मग आणखी एक, लहानसं. डॉक्टरांनी जखमेत औषधाची पट्टी भरली आणि कंबर धरून ते उठले.

"जगेल. पण हिच्या पाठीवर आता काही ठेवायचं नाही. कधीच."

"नाय ठेवणार," दोघेही एकदमच म्हणाले. मग कोंडाजीने मान खाली घातली. पिशवी बाजूला ठेवून तो उठला आणि वहाणा घालू लागला.

"निघालात?" सईदने विचारलं. "घटकाभरात शुद्धीवर येईल. बघून जा. मी लॉरीने सोडतो."

"डोळं उघडल्यावर मी दिसलो, तर तिला वाटेल घरला न्यायला आलाय." तो दोन पावलं गेला आणि वळला. "गवत झाडून घालत जा. धुळीने खोकते ती."

तो पोलादपूरच्या रस्त्याला लागला. त्याने मागं पाहिलं नाही.

घोडी तिसऱ्या खेपेला उठली. पाय फाकवून, डुलत उभी राहिली. सईदने पाण्याची बादली तिच्यापुढं सरकवली. तिने ती हुंगलीसुद्धा नाही. मान हळूहळू वर करून, कान टवकारून ती रस्त्याकडे बघत राहिली. रस्त्यावर कुणी नव्हतं.

सईदने तिचं तोंड वळवलं नाही. तिच्या गळ्यावर हात ठेवून तोही तिच्याशेजारी रस्त्याकडे बघत उभा राहिला.