खोलीचं भाडं

“पुढच्या महिन्यापासून तुझ्या खोलीचं भाडं द्यायचं,” बाप म्हणाला.

मुलगी नुकतीच कामावरून आली होती. एक चप्पल पायात, एक हातात. तिला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. पण बापाला थट्टा कधी जमत नसे, आणि आज तर त्याने बोलण्याआधी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं.

या घरात कुणी कुणाकडे काही मागत नसे. आई होती तेव्हापासूनची ही रीत. जेवताना मीठ हवं असलं, तरी ज्याला हवं तो मुकाट्याने उठे. बाहेरच्यांना ही माणसं मानी वाटत. खरं म्हणजे ती नुसती भिडस्त होती. आपल्यापायी दुसऱ्याला त्रास नको, एवढंच. बापाने मुलीकडे काही मागितलं ते आयुष्यात पहिल्यांदाच.

सगळं तिच्या नोकरीपायी चाललं होतं. मुलगी कृत्रिम पाय बनवायला शिकली होती. या गावात तसलं काम नव्हतं, म्हणून ती बुटांच्या दुकानात टाचदुखीवाल्या गिऱ्हाइकांच्या बुटांत मऊ गाद्या बसवून देई. आता मोठ्या शहरातल्या एका इस्पितळाने तिला बोलावलं होतं. मोठी कार्यशाळा, चांगला पगार, वर शिकवणारी माणसं. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि ही बाई गेले काही दिवस एकच पाढा वाचत होती: “तिकडे अर्धा पगार भाड्यातच जाणार, बाबा. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च. भाजीसुद्धा दुप्पट महाग. इथे घर तरी फुकट आहे. शेवटी हातात सारखेच उरणार, तर कशाला जायचं?”

बाप मालट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला होता. भरलेल्या गाडीचं वजन करायचं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजा करायचं. उरतो तो माल. मुलीचा हिशेब त्याने याच रीतीने मनातल्या मनात तपासून पाहिला. तो बरोबर निघाला, याचंच त्याला वाईट वाटलं. हातात एवढी कला असलेली पोरगी बुटांच्या दुकानात म्हातारी होणार, आणि ती कशासाठी, तर एका फुकटच्या खोलीसाठी. मग त्याने ठरवलं की ती खोली फुकट ठेवायचीच नाही.

“किती?” मुलीने विचारलं.

बापाने आकडा सांगितला. गावात तेवढ्या भाड्यात अंगणासकट अख्खं घर मिळालं असतं.

“देते,” ती म्हणाली आणि हातातली चप्पल जागेवर ठेवली.

बाप गडबडला. ती घासाघीस करेल, रुसेल, निदान दार तरी आपटेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. “विजेचे वेगळे,” तो म्हणाला.

“बरं.”

“पाण्याचेही.”

“चालेल.”

“आणि भाडं दर वर्षी वाढणार.”

“वाढायलाच पाहिजे,” मुलगी म्हणाली. “महागाई काय थोडी आहे?”

असा घरमालक आणि असा भाडेकरू त्या गल्लीत पूर्वी कधी झाला नव्हता. बापाजवळ आता वाढवायला काही उरलं नाही. तो खुर्चीवर टेकला. मुलगी समोर जमिनीवर बसली, त्याने काढून ठेवलेला डावा बूट जवळ ओढला आणि आत हात घालून गादी चाचपू लागली. तो दिवसभर काट्यावर उभा असे, त्यामुळे ती गादी एका बाजूने दबत असे. रोज संध्याकाळी मुलगी ती सारखी करून ठेवी. तिला कुणी ते सांगितलं नव्हतं.

“एवढं भाडं भरून इथेच राहायचं,” बाप हळूच म्हणाला, “ते कशासाठी गं?”

तिने गादी बाहेर काढली, दबलेल्या कडेखाली कापडाची एक घडी सरकवली आणि अंगठ्याने दाबून पाहिली.

तेव्हा कुठे बापाच्या डोक्यात प्रकाश पडला. काट्यावर तो रोज ड्रायव्हरांना दटावत असे, की आधी खाली उतरा, मग वजन करतो. माणूस आत बसून राहिला की मालाचं वजन चुकतं. आणि पोरीच्या हिशेबात तो स्वतःच इतके दिवस गाडीत बसून होता. पगारात त्याचं नाव नव्हतं, भाड्यात नव्हतं, भाजीत तर नव्हतंच, पण सगळं वजन त्याचंच होतं. त्याला लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं.

चूक त्याची होतीच. ‘तुम्हीही चला’ असं म्हणायची पाळी कुणावर येऊ नये, म्हणून तो भेटेल त्याला आधीच सांगून ठेवी, की मी काही या घरातून हलणार नाही. पोरीने ते खरं मानलं होतं. किंवा त्याला तसं वाटत होतं.

त्याने घसा साफ केला. दुसऱ्यांदा मागणं पहिल्यापेक्षा अवघड जात होतं.

“तिकडे,” तो म्हणाला, “वजनकाट्यावर माणूस लागत असेल का?”

मुलीने बुटात गादी नीट बसवली. मान वर केली नाही.

“लागतो,” ती म्हणाली. “त्यांचं बोलावणं आलं तेव्हाच विचारून ठेवलंय, बाबा. तुम्ही कधी विचारताय, तेवढीच वाट बघत होते.”