मऊभात

मायक्रोवेव्ह थांबला. कडेचा मऊभात रटरटत होता, मधला गारच होता. मध्येच एकदा ढवळायचं असतं, मग जरा झाकून ठेवायचं असतं. मी मुद्दामच ढवळला नाही.

माहेरून हा मायक्रोवेव्ह आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "असल्या खोक्यातलं आम्ही खात नाही. आईनं रांधायला शिकवलं नाही वाटतं?" मग इतकी वर्षं त्यात त्यांचे पापड राहिले. आता अर्धांगवायूच्या दोन झटक्यांनी त्यांची वाचा बसली आणि हात लुळे पडले.

पहिला घास मी कडेचा भरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा मधला, गारढोण. तिसरा पुन्हा कडेचा.

माझ्याकडे बघत त्यांनी ओठ हलवले. कितीतरी दिवसांनी घशातून शब्द फुटला. "ढवळ."

दाराशी बूट घालणारा नवरा धावत आला. "आई बोलली! काय म्हणाली गं?"

"अजून मागताहेत," मी म्हणाले.

त्याचा आनंद मावेना. माझ्या हातातला चमचा घेऊन त्यानं कडेचा भात भरभरून उचलला आणि आईला भरवला.