फिरते कोट

कर्नल शेरगाझी कोट अंगात चढवायला धडपडत होता आणि कॅप्टन दायिर मिशीतल्या मिशीत हसत होता. मेंढीच्या कातडीचा तो जाड कोट कर्नलच्या ढेरीवर काही केल्या बसेना.

“दायिर, याचं मधलं बटण नाही रे.”

“पोरांच्या हातात काही टिकतं का साहेब?”

“तेही खरंच.” कर्नलने कोट काढून फळीवर नीट ठेवला. “पण वारा नेमका तिथूनच शिरतो.”

वारा शिरतो म्हणे! बिश्केकच्या कचेरीत शेगडीपाशी बसून फुगलेला हा उंटावरचा शहाणा, याला वारा काय ठाऊक? बटणं बघत बसलाय. कोट कुणाचे आहेत हे विचारायची अक्कल नाही, आणि म्हणे तपासणीला आलाय.

कोट खालच्या ठाण्याचे होते. दोर आणि बर्फ उपसायची फावडीसुद्धा तिथलीच. काल कर्नलने ते सगळं तिथे मोजलं आणि आज त्याचे डोळे उघडायच्या आत ट्रकमधून ते इथे येऊन पोचलं. डोंगरातल्या ठाण्यांची ही जुनी रीतच होती. साहेब निघायच्या आधी सामान निघायचं.

दायिरच्या कोठारातले स्वतःचे कोट केव्हाच नारिनच्या बाजारात गेले होते. त्यातून बायकोच्या कानात सोनं आलं होतं. आता तिला राजधानीत घर हवं होतं, नळाला गरम पाणी येणारं. मुख्यालयात एक जागा रिकामी झालीय आणि शेरगाझीच्या शब्दावर ती भरणार, असं सगळ्या ठाण्यांवर बोललं जात होतं. त्या जागेसाठी दायिर या ढेरपोट्याचे बूट चाटायलाही तयार होता.

मेंढी कापली होती. जेवायला बसल्यावर कर्नलचं प्रवचन सुरू झालं.

“अधिकाऱ्याचं काम म्हणजे काय रे? पोरांना शिकवायचं. धोका आधी ओळखायचा. आणि सरकारी सामानाचा जाब द्यायचा. बस्स, एवढं जमलं की झालं.”

“लाख बोललात साहेब,” दायिर म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्याच्या मनात होतं.

“गेल्या हिवाळ्यात पोरांना उघड्यावर रात्र काढायला लावलीस म्हणे?”

“शिकवण म्हणून. अंगावर आल्याशिवाय माणूस शिकत नाही साहेब.”

“आणि धोका?”

“त्याचा विचार केला होता ना! सगळ्यांच्या अंगात कोट होते.”

चहा ओतणाऱ्या सार्जंट ओरोझचा हात थबकला. त्या रात्रीच्या थंडीने त्याच्या उजव्या पायाची बोटं नेली होती, आणि बोटं घोड्याच्या पायाखाली गेली असं दायिरने वर कळवलं होतं. कर्नलने ओरोझच्या बुटाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मांस चघळू लागला.

“तोंड काय बघतोस, लंगड्या?” दायिर खेकसला. “लाकडं पोचवायचीत ना? चल, नीघ.”

“सगळी एकाच खेपेत नेऊ का साहेब?”

“एकूण एक ने.”

ओरोझ लंगडत बाहेर गेला. ही लाकडं कोणती, ते त्याला माहीत होतं. पलीकडच्या खोऱ्यातल्या ठाण्यावर उद्या तपासणी होती आणि तिथला कॅप्टन कोटांची वाट बघत बसला होता.

मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीचं डोकं आलं. कर्नलने सुरी घेतली, कान कापला आणि दायिरच्या ताटात ठेवला.

दायिरला राग गिळावा लागला. कान द्यायचा तो पोराटोरांना, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून. या गाढवाला साधी पंगतीची रीत माहीत नाही! आणि हा माझं नशीब ठरवणार! पण त्याने हसत हसत कान खाल्ला. बाहेर ट्रक सुरू झाला आणि त्याचा आवाज वळणापलीकडे विरून गेला. घोडं गंगेत न्हालं, दायिरला वाटलं.

जेवण आटोपलं. सगळ्यांनी दुवा म्हणून चेहऱ्यावरून तळवे फिरवले. कर्नल अंगणात आला, आभाळाकडे बघून त्याने मान हलवली.

“दायिर, जागा एकच आहे. भरलेल्या कोठाराच्या माणसालाच ती द्यायची, असं मी ठरवूनच आलो होतो.”

“उपकार झाले साहेब!” दायिरला नळाचं गरम पाणी हातावर पडल्यासारखं वाटलं. “बिश्केकला कधी निघू?”

“बिश्केक? छे रे बाबा. खिंडीवरचं ठाणं. तिथला कॅप्टन आजारी पडून खाली आलाय. तू आत्ताच नीघ, माझी जीप सोडेल. आज-उद्या बर्फ पडणार. मग रस्ता थेट वसंतात उघडेल.”

“पण साहेब... इथली पोरं...”

“ती ओरोझ सांभाळेल.”

“निदान तयारीला दोन दिवस...”

“तयारी कसली? वरच्या पोरांचे कोट मी आधीच पोचवलेत. तुझ्या एकट्याचा राहिला, तो तुझ्या कोठारातून घे. आहेत की ढीगभर.”

दायिरने कोठाराच्या दाराकडे पाहिलं. कुलूप लावायचीही गरज नसल्यासारखं ते सताड उघडं पडलं होतं.

कर्नलने खिशात हात घालून काहीतरी काढलं आणि दायिरच्या तळहातावर ठेवलं. शिंगाचं काळं बटण होतं.

“काल खालच्या ठाण्यावर माझ्या हातात आलं हे. आठवणीने लावून घे हं. वारा नेमका तिथूनच शिरतो.”